डोळ्यामागची सुई

माझ्या दोन्ही सुना त्यांच्या सासऱ्यांशी तोंड वर करून बोलतात. धाकटी तर भांडते. भाजीत मीठ जास्त झालं असं ह्यांनी म्हटलं, की ती म्हणते, "मग उद्या तुम्हीच करा." शेजारणी मुद्दाम येऊन मला सांगतात की तुझ्या सुनांना वळण नाही. नाही तर नाही. वळण म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. मी ते पुरेपूर पाळलं आणि त्यात एका माणसाचा डोळा गेला.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. मी काहीच म्हणत नसे, कारण मी त्यांच्याशी कधी बोललेच नव्हते. मी ब्राह्मणपुरीला नांदायला आले तेव्हा सोळा वर्षांची होते. आमच्यात सासऱ्यासमोर सुनेनं पदर नाकापर्यंत ओढायचा आणि आवाज ऐकू द्यायचा नाही. माझं माहेर नंदुरबारचं, वडील शाळामास्तर, मी मराठी सातवी झालेली. पण सातवी झाली म्हणून पदर आखूड होत नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं.

आबाही आपल्या बाजूनं रीत पाळत. शेतातून आले की ओसरीवर थांबत आणि खाकरत. एकदा, मग थोडं थांबून दुसऱ्यांदा. म्हणजे आत सून असेल तर तिनं पदर सावरावा, बाजूला व्हावं. मी पदर ओढून आत सरकले की बांगड्या वाजत. त्या वाजल्या की आबा उंबरा ओलांडत. सहा वर्षं आमचं दोघांचं एवढंच बोलणं झालं. पण ते काही कमी नव्हतं. त्यांच्या खाकरण्यावरून मला सगळं समजायचं. बाजारात मनासारखं झालं असलं तर दुसरं खाकरणं लांब यायचं. कुणाशी बिनसलं असलं तर दोन्ही तुटक. माझं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा मी आतल्या खोलीत पडून होते. आबा दाराशी येऊन खाकरले आणि निघून गेले. मी पाहिलं तर उंबऱ्यावर पळसाच्या पानात सीताफळं ठेवलेली. मला तेव्हा फार रडू आलं. इतकं दुसऱ्या कुणाच्या बोलण्यानंही आलं नव्हतं.

आबांचा डावा डोळा लहानपणी देवी आल्या त्यात गेलेला. उजव्या एका डोळ्यावर त्यांचं सगळं चाले, आणि चाले ते असं की पंचक्रोशीत बैल घ्यायचा तर लोक आधी आबांना दाखवीत. म्हसावदकडचे लोक येत, मोलगीच्या डोंगरातून पायी उतरलेले लोक बाजारात त्यांना शोधत फिरत. आबा बैलाभोवती एक चक्कर मारत, त्याला दहा पावलं चालवून बघत आणि सांगत. दात बघायला त्यांना तोंड उघडावं लागत नसे. त्या एका डोळ्याचा त्यांना गर्व होता. देवीनं एक नेला तो दुसऱ्याला देऊन गेली, असं ते हसत सांगायचे.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या चार-सहा वर्षं आधीची गोष्ट. आमचा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडत असे. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका नव्या गोऱ्ह्यानं मान झटकली आणि त्याचं शिंग आबांच्या भिवईला लागलं. खोक पडली, हळद दाबली, आठ दिवसांत ती भरली. पुढं महिनाभरानं आबा म्हणू लागले की डोळ्यापुढं काजवे चमकतात. मग काजळी उडाल्यासारखी दिसू लागली. मग एका सकाळी ते ओट्यावर बसून आपल्या मुलाला म्हणाले, "खालतून काया पडदा वर ई ऱ्हायना." खालून काळा पडदा वर येतो आहे. तेव्हा त्यांना माणसाचं डोकं दिसत होतं आणि पाय दिसत नव्हते.

नंदुरबारात एका दवाखान्यात डोळ्यांचे एक मोठे डॉक्टर वर्षातून काही महिने येऊन राहत. ते दक्षिणेकडचे होते, विलायतेत शिकलेले. त्यांच्याकडं न्यायचं ठरलं. सासूबाईंचे गुडघे धरलेले आणि गुरांपाशी कुणीतरी हवं, म्हणून त्या मागं राहिल्या. माझं माहेर नंदुरबारातच, स्वयंपाक करून डबा नेता येईल, म्हणून मी गेले. गाडीत भूस पसरून त्यावर आबांना उताणं निजवलं. प्रकाशा गावापाशी तापी ओलांडताना चाक गोट्यावर चढलं तसा आबांनी डोळ्यावर हात दाबून धरला. पाणी सांडू नये म्हणून घागरीचं तोंड धरतो तसा. मी गाडीच्या मागल्या बाजूला पाठ करून बसले होते.

डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ बघितलं. मग कागदावर एक वर्तुळ काढून त्यात एक बारीकशी फट दाखवली. त्यांचं मराठी पुस्तकातलं होतं, पण अर्थ लागत होता. डोळ्याच्या पाठीमागं आतून एक पातळ पडदा असतो, त्याला भोक पडलं आहे. त्यातून पाणी मागं शिरतं आणि पडदा सुटत जातो. सगळा सुटला की अंधार. उपाय एकच आणि तोही अलीकडं निघालेला. डोळा फिरवून, भोकाच्या नेमक्या जागी बाहेरून लाल तापलेल्या टोकाचा डाग द्यायचा, म्हणजे पडदा तिथं चिकटून बसेल. शंभर टक्के खात्री नाही. निम्म्यांना फायदा होतो असं समजा, असं ते म्हणाले.

डाग म्हटल्यावर आमच्या लोकांना वेगळं समजवावं लागलं नाही. पोटदुखीच्या पोरांना डाग देतात, लंगड्या बैलाला डाग देतात. आबा खाटेवर दोन्ही डोळे बांधून पडले होते. ते एवढंच म्हणाले, "बैलले डाग देतस ते चार जन धरतस. मले कोन धरी?"

तोच खरा प्रश्न होता. डॉक्टरांनी तो आमच्यापुढं नीट मांडला. आबांच्या खाटेशी माझे मालक उभे होते आणि त्यांच्या पाठीमागं पदरात मी. डॉक्टर बोलत, मालक मान डोलावत आणि मग मागं वळून माझ्याकडं बघत. ते पुस्तकी मराठी मलाच नीट कळे, म्हणून मी कुजबुजून त्यांना सांगे आणि ते मोठ्यानं आबांना सांगत. डॉक्टरांना ही तऱ्हा कळत नव्हती. त्यांनी एकदा सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "आपणच रोग्याला का सांगत नाही?" मी खाली बघितलं.

दोन वाटा होत्या. एक क्लोरोफॉर्मची. नाकावर फडकं धरून थेंब थेंब टाकायचे, माणूस झोपतो, त्याला काही कळत नाही. धोका दोन ठिकाणी. एक म्हणजे एखाद्याचं हृदय टेबलावरच थांबतं. दुसरा, शुद्धीवर येताना माणूस हातपाय झाडतो, ओकतो, आणि त्या ओकारीच्या जोरानं डाग दिलेला डोळा बिघडू शकतो. दुसरी वाट सुईची. आधी डोळ्यात कोकेनचे थेंब टाकायचे, मग खालच्या पापणीशेजारून लांब सुई डोळ्याच्या मागं नेऊन औषध सोडायचं. डोळा बधिर होतो, माणूस जागा राहतो. पण सुई मागं असताना त्यानं हलता कामा नये. तिथं रक्ताच्या बारीक शिरा असतात. हिसका बसला आणि एखादी फुटली तर रक्त डोळ्यामागं साचतं आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. सुई चालेल ती ज्याला स्वतःवर ताबा आहे अशा माणसाला.

"यांना खोकला आहे काय?" डॉक्टरांनी विचारलं. "दमा? शिंका?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी कुजबुजले, "नाही." आणि ते खरं होतं. आबांची छाती ठणठणीत होती. विडी नाही, चिलीम नाही. सहा वर्षांत मी त्यांना खोकताना ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी नळी लावून छाती तपासली आणि म्हणाले, छाती उत्तम आहे, म्हणजे क्लोरोफॉर्मही चालेल. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, घरच्यांनी ठरवावं.

आबांनी आपलं सांगून टाकलं. "मले झोपाडी द्या. डाग देवाना टाईमले मी जागा काब ऱ्हाऊ?" मला झोपवा, डाग देताना मी जागा कशाला राहू. यात चुकीचं काही नव्हतं. डोळा त्यांचा होता.

पण क्लोरोफॉर्मचं नाव काढल्याबरोबर मला आई आठवली होती. माझी आई क्लोरोफॉर्मखाली गेली. तिच्या मांडीला मोठं गळू झालं होतं, ते कापायला तिला सुरतेकडं नेलं होतं. मी नऊ वर्षांची होते, दाराबाहेर बसले होते. आतून गोडसर वास आला. आई "एक, दोन, तीन" असं मोजत होती ते मी ऐकलं. ती अकरापर्यंत गेली. पुढचा आकडा मी किती तरी वर्षं ऐकायचा राहिला आहे असं धरून चालले होते. त्यानंतर मला मोहाच्या फुलांचा वाससुद्धा सहन होत नसे.

व्हरांड्यात मालकांनी मला विचारलं, "काय करू?" मी सांगितलं, सुई. का, ते सांगितलं. ते म्हणाले, आबा तर झोपाडी द्या म्हणतात. मी म्हटलं, आबांना माहीत नाही, त्यांनी बघितलेलं नाही. मी रडलेही. मालक स्वभावानं मऊ, त्यांच्याच्यानं माझं रडणं बघवेना. ते आत जाऊन आबांना म्हणाले की डॉक्टर सुईच बरी म्हणतात. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. आबा म्हणाले, "डॉक्टर म्हनी ते खरं."

हे मी आजवर एका माणसाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथं स्पष्ट लिहिते. निवड आबांनी केली नाही आणि डॉक्टरांनीही केली नाही. ती मी केली, आणि ती आबांच्या डोळ्याचा विचार करून केली नव्हती. मला माझ्या आईच्या मरणाची भीती वाटत होती.

ठरलेल्या दिवसाआधी डॉक्टरांनी आबांकडून सराव करून घेतला. ते म्हणत, "दृष्टी वर न्या," आणि आबा सगळी मान वर करत. नर्सबाई नगरकडच्या, त्या म्हणत, "बाबा, नुसता डोळा फिरवा," तरी खांदा उचलला जाई. मालक म्हणाले, "आबा, मुंडकं हालाडू नका, नुसतं वर देखा," तसा फक्त डोळा वर गेला. तेव्हा ठरलं की शस्त्रक्रियेच्या वेळी उशाशी मालक उभे राहतील आणि आपल्या बोलीत सांगत राहतील. घरचा आवाज कानावर असला की माणूस धीर धरतो, असं डॉक्टर म्हणाले.

सकाळी आबांना आत नेलं. मी बाहेर व्हरांड्यात बसले. थोड्याच वेळात आत काहीतरी धप्पकन पडलं. ते आमचे मालक होते. डॉक्टरांनी सुई उजेडात धरली तिची लांबी बघून हे उभे होते तिथंच खाली बसले आणि मग आडवे झाले. एरवी त्यावरून मी त्यांची जन्मभर थट्टा केली असती. दोघांनी त्यांना उचलून बाहेर आणलं, तोंडावर पाणी मारलं. नर्सबाई मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही चला."

मी जागची हलले नाही. त्यांनी माझा दंड धरून उभं केलं. दाराशी माझ्या डोक्याला पांढरं फडकं बांधलं, पाय धुवायला लावले. मग माझ्या बांगड्या कोपराकडं सारून त्यांवर पट्टी गुंडाळली. टेबलापाशी काही वाजायला नको होतं. मी हात हलवून बघितला, काही वाजलं नाही. आपला आवाज कुणीतरी काढून घेतला असं मला वाटलं, आणि ते खरंच होतं.

आबा टेबलावर उताणे होते. सगळं अंग आणि तोंड चादरीखाली, फक्त उजव्या डोळ्यापुरतं भोक. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डोळ्यात थेंब टाकून झाले होते, त्यामुळं त्यांना धूसर उजेडापलीकडं काही दिसत नसावं. त्यांना वाटत होतं उशाशी मुलगाच आहे. मी अनवाणी आले, बांगड्या मुक्या, मला कुणीच ऐकलं नाही.

डॉक्टर हळू आवाजात माझ्याशी बोलले. म्हणाले, "आपण रोग्याशी बोलू शकाल काय? नसेल तर आत्ताच सांगा. मी क्लोरोफॉर्म मागवतो. तयारी आहे."

कोपऱ्यातल्या टेबलावर ती बाटली होती. बूच लावलेलं होतं, तरी मला वास आला. मी मान हलवली, बोलेन म्हणून.

"मग त्यांना सांगा, वर पाहा आणि स्थिर राहा."

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. लाज म्हणतात ती अशी असते. ती आपण आणत नाही, ती घशात आधीपासून बसलेली असते. मी पुन्हा प्रयत्न केला. डॉक्टर सुई हातात धरून थांबले होते. शेवटी नर्सबाईच म्हणाल्या, "बाबा, वर बघा." आणि आबांनी या वेळी बरोबर, नुसता डोळा वर नेला. डॉक्टरांनी मान डोलावली. सुई पापणीच्या कडेनं आत गेली.

ती निम्मी आत गेली असेल तेव्हा आबांच्या घशातून बारीक कण्हण्याचा आवाज आला आणि चादरीखाली त्यांचा हात उचलला गेला. डॉक्टर दातांतल्या दातांत म्हणाले, "सांगा! सांगा त्यांना!"

आणि माझा आवाज फुटला. "आबा, हालू नका. मी शे." मी आहे.

चादरीखाली सगळं थांबलं. हात खाली गेला. कण्हणं बंद झालं. मला वाटलं, झालं, त्यांनी ऐकलं. मग आबा खाकरले.

त्यांना काय झालं असेल ते मला त्याच क्षणी कळलं आणि आजही तितकंच स्पष्ट कळतं. सून खोलीत होती. आपण तिथं आहोत ही वर्दी तिला दिलेली नव्हती. अंगावर धड कपडे नाहीत, पाय चादरीबाहेर, आणि सून उशाशी. चाळीस वर्षांची सवय होती. त्यांच्या आईनं, बापानं, सगळ्या गावानं लावलेली. डोळ्यामागं सुई असतानाही त्यांनी माझा मान राखला. एकदाच खाकरले. दुसऱ्यांदा खाकरायला डॉक्टरांनी वेळ दिला नाही.

सुई बाहेर आली. डॉक्टरांनी पट्टीची घडी डोळ्यावर ठेवून तळहातानं दाबली. घडी उचलली तेव्हा पापण्या जांभळ्या पडून टम्म फुगल्या होत्या आणि मधून डोळा पुढं आल्यासारखा दिसत होता. डॉक्टरांनी बोटानं दाबून बघितलं आणि नर्सबाईंना इंग्रजीत काही सांगितलं. मला म्हणाले, "सुपारीसारखा टणक झाला आहे. आज काही करता येणार नाही." त्यांनी आणखी बरेच उपाय केले, कडेनं छोटी चीरही दिली. मला तेव्हा बाहेर काढलं होतं.

पंधरा दिवस आबा डोळे बांधून पडून होते. मी डबा नेत असे आणि मालक भरवत. डॉक्टरांनी पट्टी सोडली, खिडकी उघडली आणि दिवा डोळ्यासमोर आणला. त्यांनी विचारलं, दिवा कुठल्या बाजूला आहे. मालकांनी आबांना विचारलं. आबा म्हणाले, "लाया व्हई तवय सांगसू." दिवा लावाल तेव्हा सांगीन. मालक भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

आम्ही निघण्याआधी डॉक्टरांनी मला गाठलं. त्यांच्या हातात कागद होता. रागावले नव्हते, दमलेले होते. म्हणाले, "आपण म्हणाला होता खोकला नाही."

"नाही," मी म्हटलं.

"मग तो काय होता?"

मला सांगता आलं असतं. ते शिकलेले होते, दक्षिणेकडं त्यांच्याही घरी सुना असतील. पण मी खाली बघत उभी राहिले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. खोकला लपवला, असंच लिहिलं असेल.

आम्ही परत आलो तेव्हा सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. मालकांनी आबांचा हात धरून ओसरीपर्यंत आणलं. मी आत चुलीपाशी जाऊन पदर ओढून उभी राहिले आणि वाट बघू लागले. आबा थांबले. ते खाकरले नाहीत. हातातली काठी उंबऱ्यावर दोनदा टेकवली, ठक, ठक. मी बांगड्या वाजवल्या. ते आत आले.

तेव्हापासून सात वर्षं, मरेपर्यंत, आबा एकदाही खाकरले नाहीत. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही. आंधळ्या माणसाच्या हातात काठी असते, ती वाजते, त्यात काय. फक्त मला कळत होतं की डोळा कशानं गेला ते त्यांनाही कळलं आहे. मी त्यांच्यासमोर पदर तसाच नाकापर्यंत ओढत राहिले. त्यांना दिसत नव्हता तरी. त्यांना दिसत नव्हता म्हणूनच, असं म्हणा.

बैल दाखवायला लोक काही दिवस येत राहिले. सवयीनं म्हणा, मानानं म्हणा. एकदा डोंगरातले दोघं एक खोंड घेऊन आले. आबांनी त्याच्या पाठीवरून, वशिंडावरून, खुरांपर्यंत हात फिरवला. मग म्हणाले, "चालाडा." दोघांनी तो अंगणात चालवला. आबा मान तिरकी करून खुरांचा आवाज ऐकत राहिले. आमची कोंबडी मधेच ओरडली. आबांनी हात हलवला आणि म्हणाले, "आते मले इचारू नका, भाऊ." मी दाराआड उभी होते. त्यानंतर कुणी आलं नाही. आबा ओट्यावर बसत आणि दोरी वळत. इतकी दोरी आम्हाला कधीच लागली नाही.

शेवटच्या हिवाळ्यात त्यांना थंडी बाधली. छाती भरली. गावातले वैद्य म्हणाले, कफ सुटायला हवा, खोकून खोकून काढायला हवा, आत साचला तर जड जाईल. काढा दिला, शेक सांगितला. दुपारची वेळ होती. सासूबाई देवळात गेलेल्या, मालक शेतात. मी गरम विटेचा शेक घेऊन आत गेले. बांगड्या वाजल्या. आबांचा श्वास घरघरत होता, तो एकदम अडला. त्यांनी तोंड मिटून घेतलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा काळवंडला. खोकला वर आला होता आणि ते तो दाबून धरत होते. मी वीट ठेवून घाईघाईनं बाहेर गेले. दाराशी थांबून ऐकलं. खोकल्याचा आवाज आला नाही. मी गेले की आहे ते त्यांना नक्की कळत नव्हतं, म्हणून ते धरूनच राहिले होते.

मी परत आत गेले. डोक्यावरचा पदर कधी पडला ते मला आठवत नाही.

"आबा," मी म्हटलं, "खोका. मी बाहेर जास."

माझं त्यांच्याशी हे दुसरं बोलणं. त्यांनी मिटलेलं तोंड उघडून श्वास घेतला. मग म्हणाले, "नको. ऱ्हाय."

मी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले. इतकी वर्षं जे आत होतं ते बाहेर आलं. मी सांगितलं, "आबा, तुम्हले झोप जोयती व्हती. डॉक्टरनी ना म्हनेल नव्हतं. मीच ना म्हनी." तुम्हाला झोप हवी होती, डॉक्टर नको म्हणाले नव्हते, मीच म्हणाले. आई, अकरा आकडे, तो वास, सगळं सांगितलं. आबांनी मध्येच थांबवलं नाही. त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते आणि आढ्याकडं होते.

माझं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "झोपनं काही नही, पोरी. सुई मलेबी चालती." थोडा श्वास घेऊन ते पुढं म्हणाले, "तू पहिले बोलती, ते मी पहिलेच खाकरी लेतू."

तू आधी बोलली असतीस, तर मी आधीच खाकरून घेतलं असतं. त्यात राग नव्हता. बैलाबद्दल सांगत तसंच त्यांनी ते सांगितलं, चूक कुठं आहे ते बोट ठेवून. मी राखेची वाटी त्यांच्या तोंडापुढं धरली. मग आबा माझ्यासमोर खोकले, खूप वेळ, आणि मी त्यांची पाठ चोळत राहिले.